वाटीतली कवळी

मनोहररावांचे दात चोरीला गेले, तेव्हा खुद्द मनोहररावांना जाऊन चौदा महिने झाले होते.

दात म्हणजे कवळी. वरची आणि खालची, दोन्ही. झोपताना ती काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची त्यांची सवय होती, आणि मागल्या ज्येष्ठात एका पहाटे ते झोपेतच गेले. काटोलहून माणसं आली, पारशिवनीहून आली. तुळशीपत्र, गंगाजल, नवं धोतर, सगळ्या गोष्टींची कोणा ना कोणाला आठवण राहिली. दातांची राहिली नाही. तिसऱ्या दिवशी प्रयागबाईंचं लक्ष कोनाड्याकडे गेलं, तर वाटीतून कवळी हसत होती.

तेव्हापासून त्या रोज सकाळी वाटीतलं पाणी बदलत. आधी तुळशीला पाणी, मग दातांना. घरी कोणी आलं की वाटीवर झाकण ठेवत, गेलं की काढत. शामला त्यांची एकुलती एक मुलगी. वय छत्तीस, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. माणसं गेलेल्या माणसाचं काय काय जपून ठेवतात याबद्दल तिनं पुष्कळ वाचलं होतं, पण त्यात कवळी कुठे आलेली नव्हती. सकाळी कामावर जाताना तीही एकदा कोनाड्याकडे पाहून जाई, एवढंच.

पोळ्याला पाच दिवस होते. सोमवारी कोणी आलं तेव्हा ठेवलेलं झाकण काढायचं राहून गेलं होतं, ते मंगळवारी सकाळी प्रयागबाईंनी उचललं. पाणी होतं, दात नव्हते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. कोनाड्याखाली पाहिलं, देवांच्या मागे पाहिलं, पिठाच्या डब्यात पाहिलं. मग उंबऱ्यावर बसून शामलाला म्हणाल्या, "पितृपक्ष वीस दिवसांवर आला वं."

"मग?"

"वर्ष झालं त्यायले. यंदा पहिल्यांदा पान वाढू. जेवाले येतील अन् चावतील काय? आपणच त्यायले दाताशिवाय धाडलं. मी म्हटलं होतं, पान वाढीन तवा वाटी बाजूले ठेवीन. घेतील आपले लावून."

चौदा महिने आई पाणी कशासाठी बदलत होती ते शामलाला तेव्हा कळलं. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात यमुताई आल्या.

यमुताई म्हणजे मनोहररावांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, आणि आता त्याच गल्लीत तीन घरं सोडून राहत होत्या. परीक्षेत कॉपी करणारी मुलगी त्या नुसत्या कानांवरून ओळखत, असा त्यांचा दावा होता. गुन्हेगाराचे कान आधी लाल होतात, तोंड मागाहून. या पद्धतीनं त्यांनी बत्तीस वर्षांत पुष्कळ मुली पकडल्या होत्या आणि त्यांतल्या काहींनी खरंच कॉपी केलेली होती.

"कोणी हलायचं नाही," यमुताई म्हणाल्या. घरात हलण्यासारखं दोघींशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली, पहिल्या पानावर 'दात' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग झाकण उजेडात धरलं. कडेला पांढरं काहीतरी वाळून चिकटलं होतं. यमुताईंनी ते नखानं खरवडलं आणि शामला "आत्या, नको" म्हणेपर्यंत जिभेवर ठेवलं.

"कणीक," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "बिनमिठाची."

"आत्या, ते दातांच्या वाटीवरचं झाकण आहे."

"माह्याच भावाचे दात होते ना? तू लिही. चोरानं झाकण उचललं तवा त्याच्या बोटाले कणीक होती. या गल्लीत कणकेत मीठ कोण घालत नाही?"

प्रयागबाई आणि शामला एकदमच म्हणाल्या, "शोभाताई."

शोभाताईंच्या अळणी पोळ्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. शिवाय आदल्याच दिवशी त्या विरजण मागायला येऊन गेल्या होत्या. यमुताई तडक समोरच्या घरात शिरल्या, मागे शामला. शोभाताई नेमक्या कणीकच मळत होत्या.

"हात दाखव," यमुताई म्हणाल्या.

"काहून जी?"

"आमच्या दादाचे दात गेले."

"अवं माय, ते तर मागल्या सालीच गेले ना?"

"दादा गेला मागल्या साली. दात काल गेले."

शोभाताईंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला, आणि झाल्यावर त्यांनी परातीत हात आपटले. "यमुताई, माह्या घरी सगळ्यायले दात आहेत! आमच्या यायचे तर समोर चार जास्तच आहेत. तुमच्या घरचे उष्टे दात आणून मी काय त्याचं लोणचं घालू?"

"कान दाखव."

शोभाताईंचे कान लालच होते, पण रागानं का अपराधानं हे काही त्यांवर लिहिलेलं नव्हतं. यमुताईंनी वहीत 'संशय कायम' अशी नोंद केली. परत येताना शामला म्हणाली, "आत्या, शोभाताई दात कशाला नेतील?"

यमुताई रस्त्यातच थांबल्या. "बरोबर बोलली. मी उलटीकडून चालून राहिली होती. दात कोण नेईन? ज्याले नाहीत तो!"

गल्लीत बिनदातांची माणसं चार. यमुताईंनी वहीत चौघांची नावं लिहिली आणि दुसऱ्या दिवशी कॉटन मार्केटातून भुट्ट्यांची पाटी आणवली. चातुर्मासात ज्येष्ठांना भाजलेले भुट्टे द्यायचं आपलं व्रत आहे, असं त्यांनी घरोघरी सांगितलं. असलं व्रत कोणी ऐकलेलं नव्हतं, पण भुट्टे फुकट होते. संध्याकाळी प्रयागबाईंच्या ओट्यावर, उघड्या दारापुढे, शेगडी पेटली. भुट्टे भाजायला यमुताईंनी चंपतरावांना बोलावलं. चंपतरावांचं गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि विस्तवाला हात लावायला ते कधी मागेपुढे पाहत नसत. त्या दिवशी मात्र ते कोनाड्याकडे पाठ करून बसले आणि मान वर न करता भुट्टे भाजत राहिले.

"काय झालं गा चंपतराव, इतका गप्प?" यमुताईंनी विचारलं.

"काई नाई जी. धूर जाऊन राहिला डोळ्यात."

धूर दुसऱ्याच बाजूला जात होता. पण यमुताईंचं सगळं लक्ष चार म्हाताऱ्यांवर होतं. पहिल्यानं भुट्ट्यावरचं लिंबू-मीठ चाटलं आणि भुट्टा नातवाला दिला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा नखानं एकेक दाणा काढून गालात ठेवत बसला. चौथे गणपतराव. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा तोंडापुढे ओढला, आणि दुपट्ट्यामागून आवाज येऊ लागला.

कर्रम्. कर्रम्. कर्रम्.

गणपतरावांच्या तोंडात सहा वर्षं एकही दात नव्हता. त्यांची सून गोपिका सहा वर्षं दोन्ही वेळा पोळी दुधात कुस्करून, वर तुपाची धार धरून त्यांच्यापुढे ठेवत होती. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण गोपिका ते सगळ्या गल्लीला सांगे.

यमुताई मांजरीच्या पावलांनी मागून गेल्या आणि त्यांनी दुपट्टा खसकन ओढला. गणपतराव भुट्टा आडवा धरून बसले होते. अर्धा साफ झालेला. कान लालभडक.

"सापडला!" यमुताई ओरडल्या. "काढा दादाचे दात!"

"कोणाचे दात?" गणपतरावांच्या तोंडातून दाणे उडाले. "माहे आहेत हे! सीताबर्डीवरून करून आणले, मापं देऊन!"

"मामंजी!" गोपिका उठून उभी राहिली. "कवा?"

गणपतरावांनी भुट्टा मांडीखाली लपवला. "झाले दोनेक वर्षं."

"दोन वर्षं! अन् मी पोळ्या कुस्करून राहिली?"

"तू मायेनं कुस्करते ना बेटा," गणपतराव काकुळतीनं म्हणाले. "तुले सांगतलं असतं तर तुपाची धार गेली असती. घरी मी लावतच नव्हतो. बाहेर निघालो की लावतो. चिवडा खातो, शेंगदाणे खातो, घरी येताना काढून खिशात."

पण यमुताई इतक्यात सोडणार नव्हत्या. त्यांनी कवळी काढायला लावली, रुमालावर घेतली आणि प्रयागबाईंपुढे धरली. ओट्यावरच्या सगळ्या माना पुढे झाल्या. प्रयागबाईंनी ती इकडून पाहिली, तिकडून पाहिली. शामलाला आईचा चेहरा दिसत होता. तो क्षणभर उजळला आणि विझला.

"हे यायचे नव्हेत," त्या म्हणाल्या. "यायचा डावीकडचा सुळा तुटला होता. सुपारीनं."

गणपतरावांनी कवळी परत तोंडात घातली, पण भुट्टा खायची त्यांची इच्छा मेली होती. गोपिका घरी जाताना मोठ्यानं म्हणत होती, "आज भाकर आहे, मामंजी. बाजरीची. कडक." शेगडी विझवून चंपतराव इतक्या घाईनं गेले, की त्यांचा चिमटा ओट्यावरच राहिला.

तपास तिथेच खुंटला. पोळा आला. दारापुढून सजवलेले बैल गेले. प्रयागबाईंनी पुरणपोळी केली, पण स्वतः खाल्ली नाही. कोनाड्यातली रिकामी वाटी त्यांनी उचलली नाही आणि सकाळी तिच्यातलं पाणी बदलायचंही सोडलं नाही. शामलानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबतीचा. त्या दिवशी नागपूरकर गावातली इडापिडा गावाबाहेर हाकलतात. मोठ्या मारबतींच्या, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या बायांच्या पुतळ्यांच्या, मागे गल्लीगल्लीचे बडग्ये निघतात. ज्या गोष्टीनं वर्षभर जीव नकोसा केला, तिचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. या गल्लीचा बडग्या वीस वर्षं चंपतराव बांधत आणि मनोहरराव त्याच्या पाट्या लिहीत. मनोहरराव छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे थोडक्या जागेत पुष्कळ मावेल असं लिहायची त्यांना सवय होती. मागल्या वर्षी त्यांच्याविना चंपतरावांनी बडग्या काढलाच नाही. यंदा निघणार होता, पण त्याच्या तोंडावर आठवडाभर पोतं टाकलेलं होतं.

शामला दुपारी घरीच होती. बाबांच्या जुन्या शब्दकोशाचं पुठ्ठं सुटलं होतं, ते चिकटवायला तिनं कणकेची खळ शिजवली होती. ग्रंथालयात ती रोजच खळ वापरी, पण तिथे लगेच कोणीतरी हाक मारी आणि ती बोटं पुसूनच उठे. आज कोणी हाक मारली नाही. पुठ्ठं दाबून धरून ती बराच वेळ नुसती बसली. मग हात उचलला, तेव्हा बोटांवर पांढरी पापडी वाळली होती.

तिनं ती नखानं खरवडली. इकडेतिकडे पाहिलं, आणि जिभेवर ठेवली.

कणीक. बिनमिठाची.

गल्लीत पोळ्या करणारी घरं पन्नास होती. आठवडाभर खळीत हात घालून कागद चिकटवत बसलेला माणूस एकच. आणि हाच माणूस, एरवी दुकान सोडून कधी न हलणारा, मागल्या आठवड्यात तीनदा येऊन चहा पिऊन गेला होता. शेवटचा सोमवारी. दर वेळी तो "वहिनी" म्हणे, मग गप्प बसे, मग "साखर बरोबर आहे" म्हणून निघून जाई. आई चहा ठेवायला आत जाई तेव्हा बाहेरच्या खोलीत कोनाडा आणि तो, दोघंच.

तेवढ्यात ढोल वाजले. "इडा पिडा घेऊन जाऽऽ गे मारबत!"

शामला शाळा सोडल्यापासून कधी धावली नव्हती. आता धावली. ओट्यावर यमुताई वही घेऊन बसल्या होत्या, त्यांना तिनं दंडाला धरून उठवलं. "आत्या, चंपतराव!"

"काय चंपतराव?"

सांगायची गरज पडली नाही. गल्लीच्या वळणावरून बडग्या आला. महागाईचा बडग्या, दहा फूट उंच, पोट रॉकेलच्या पिंपाएवढं. गळ्यात पाटी, मनोहररावांच्याच अक्षरातली, दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली: 'खाईन मी, रांगेत तुम्ही.' आणि वर, लालभडक कागदी ओठांच्या मध्ये, खरे दात. डावीकडचा सुळा तुटलेला.

"थांबवा!" यमुताई रस्त्यात आडव्या झाल्या. ढोलवाले थांबले. बडग्याला टेकू देणारे चंपतराव बांबूमागे लपायचा प्रयत्न करत होते, पण बांबू चार बोटांचा आणि चंपतराव चांगले रुंद होते. यमुताईंनी आधी त्यांचे कान पाहिले.

"पोस्टाच्या पेटीवानी लाल!" त्या म्हणाल्या. "बोल गा चंपत! विधवेच्या घरून दात चोरताना लाज नाही वाटली?"

"चोरले नाही जी यमुताई!" चंपतराव रडकुंडीला आले. "दादानं मले दिले होते. म्हणजे, देतो म्हटलं होतं. दर साली मी भोपळ्याच्या बियायचे दात लावो अन् अर्ध्या रस्त्यातच गळून जात. दादा म्हणे, महागाईच्या तोंडातले दात गळतात कधी? चंपत, मी गेलो की माहे लाव, ते पक्के आहेत. मी हो म्हटलं. आता गेलेल्या माणसाले नाही कसं म्हणू? तीनदा वहिनीले मागाले आलो. पण बाईले कसं म्हणावं जी, मालकाचे दात द्या म्हणून? तीनदा चहा पिऊन वापस गेलो. तिसऱ्यांदा मात्र," ते खाली पाहू लागले, "झाकण उचललं."

गर्दीत हसू फुटलं, आणि एकदम थांबलं. प्रयागबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या पायऱ्या उतरून आल्या. लोक बाजूला झाले. बडग्यासमोर उभ्या राहून त्यांनी मान वर केली आणि दात एकेक करून निरखले. शामला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काय होईल ते तिला सांगता आलं नसतं.

"चंपतभाऊ," प्रयागबाई शेवटी म्हणाल्या, "उलटे लावले."

"आँ?"

"वरचे खाली लावले, खालचे वर. म्हणून हे असे रडके दिसून राहिले. हे असं हसत होते का कधी?"

आणि त्या हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडाला लागला, मग पदरही आवरेना. चौदा महिन्यांनी शामला आईचं हसू ऐकत होती. तिलाही हसू आलं, आणि त्याबरोबर जे आलं ते तिनं मान फिरवून पुसलं.

शोभाताईंच्या घरून स्टूल आलं. चंपतराव वर चढले. प्रयागबाई खालून सांगत होत्या, "वर करा. अजून. डावी बाजू दाबा. हं." दात सरळ झाले आणि महागाई एकदम खुशीत आली. गणपतरावांनी टाळ्या वाजवल्या. आता ते उघडपणे भुट्टा खात होते.

"झालं. काढा आता," यमुताई म्हणाल्या. "दात घरी जातील. हा पुढे जाळून टाकणार आहेत ना."

चंपतरावांनी हात पुढे केला.

"राहू द्या," प्रयागबाई म्हणाल्या.

"वहिनी! जळतील ते!"

"मंग हे कसे गेले होते? जळूनच ना? त्यायच्या संगं जे जे दिलं ते तसंच पोचलं. हेच तेवढे राहून गेले होते. वाटीत ठेवून मी किती दिवस पाणी घालत बसू? पितृपक्षाच्या आत पोचले की झालं."

"अवं, पण मारबत इडापिडा घेऊन जाते. दात पोचवत नाही," यमुताई म्हणाल्या. बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला चुकीचं उत्तर सहन होत नव्हतं.

"जाते ना गावाबाहेर? मंग ती वाटेत देईन त्यायले," प्रयागबाई म्हणाल्या, आणि यमुताईंनी वही मिटून पिशवीत घातली.

ढोल पुन्हा सुरू झाले. प्रयागबाई चपला घालून बडग्यामागे शेवटपर्यंत चालत गेल्या, एका हाताला शामला, दुसऱ्या हाताला यमुताई. कागद भुरकन पेटला. बांबू वाजले. पाटी जळताना शामलानं बाबांचं अक्षर शेवटपर्यंत वाचलं. लोक ओरडत होते, "घेऊन जाऽऽ गे मारबत!" आणि प्रयागबाई आपल्या नेहमीच्या आवाजात, शेजारच्या भाजीवाल्याला सांगावं तशा म्हणाल्या, "सांभाळून ने वं. सुळा तुटका आहे."

घरी आल्यावर त्यांनी वाटी घासली आणि भांड्यांच्या फळीवर पालथी घातली.

पितृपक्षात मनोहररावांचं पान वाढलं. खीर होती, वडे होते, आणि प्रयागबाईंच्या आग्रहावरून एक अख्खा भाजलेला भुट्टा. भटजींनी त्याकडे दोनदा पाहिलं. पान गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच आला. खिरीकडे त्यानं पाहिलंही नाही, वडा पायानं बाजूला सारला आणि भुट्ट्यावर तुटून पडला.

यमुताई डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत होत्या. "याचे कान कुठी असतात वं शामले?"

"आत्या, जेवू दे ना त्याला."

प्रयागबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. कावळा दाणे खेचत होता, काही त्याच्या चोचीतून सांडत होते.

"हळू खा म्हणा," त्या म्हणाल्या. "आता दात आहेत. घाई काहून करून राहिले?"